थ्री नॉट थ्रीचा धक्का

आमच्या बौद्धवाडीतली पोरं भरतीसाठी पळतात. ओहोटीला वाळू घट्ट असते तेव्हा पहाटेची मालवणच्या किनाऱ्यावर जातात, उन्हं चढायच्या आत परत येतात. मी पलटणीतून पेन्शनीत आलेला म्हातारा, म्हणून माझ्या पडवीत टेकतात. पळण्याचं विचारतात, छातीच्या मापाचं विचारतात, लेखी पेपरचं विचारतात. सगळं विचारून झालं की एखादा आवाज उतरवून विचारतो, ‘काका, बंदूक खांद्याक लाथ मारता मां?’

मारते. खोटं कशाला सांगू. आणि हा प्रश्न हळू आवाजात का विचारायचा? आपल्या अनियतकालिकांतून बंदुकीवर कविता पुष्कळ आल्या, १९७२ नंतर तर फारच. मी वाचलेल्या एकाही कवितेत कवीचा खांदा दुखत नाही. दरसाल १ जानेवारीला आपण कोरेगावला जातो, खांबावरची ‘नाक’ लावलेली नावं वाचतो. त्या माणसांनी १८१८ च्या त्या दिवशी दिवसभर चकमकीच्या बंदुका उडवल्या. तीस ग्रॅमच्या वरची शिशाची गोळी, आणि डोळ्यापासून वीतभरावर दारूचा भडका. संध्याकाळी त्यांचे खांदे कसे झाले असतील, हे मी तिथं उभा राहून दर वेळी मनात आणतो. भाषणात ते कुणी आणत नाही.

मी पहिली मोठी रायफल उडवली १९७९ साली, एन.सी.सी.च्या कॅम्पात, घाटावर. आमचा जिल्हा तेव्हा रत्नागिरीच होता, सिंधुदुर्ग वेगळा झाला १ मे १९८१ ला. त्याआधी पॉइंट टूटू उडवली होती. अडीच ग्रॅमची गोळी, खांद्याला कळतसुद्धा नाही. (तिच्यात कस लागतो तो वेगळा. फोंडा घाट चढून गेलात की राधानगरी तालुका. तिथल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं २०२४ ला पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये ब्राँझ घेतलं ते याच काडतुसावर, पन्नास मीटरवरून. त्या खेळातली रायफल आठ किलोपर्यंत जड असते. त्याची झुंज श्वासाशी आणि नाडीशी.) थ्री नॉट थ्री म्हणजे दुसरंच प्रकरण.

हिशेब मांडतो, कंटाळू नका. रायफल चार किलोची. गोळी अकरा ग्रॅमची, सेकंदाला सातशे चाळीस मीटर जाते. तिच्यामागून जळलेल्या दारूचा वायू तिच्याहून जोरात बाहेर पडतो. न्यूटनचा तिसरा नियम आपण शाळेत पाठ केलेला, चांदमारीवर तो खांद्याशी येऊन उभा राहतो. मोकळी सोडलेली रायफल सेकंदाला अडीच-पावणेतीन मीटर वेगानं मागे येते. आणि बटाच्या बुडाला पितळेची पट्टी. रबर नाही, गादी नाही. बट आणि खांदा यांच्यात दोन बोटं जागा राहिली तर ते पितळ त्या वेगानं हाडावर आपटतं. जागाच ठेवली नाही, बट खांद्यात रुतवून धरलं, तर तोच जोर रायफलीच्या चार किलोंवर न राहता तुमच्या पंचावन्न किलोंवर पसरतो आणि वेग उरतो सेकंदाला वीसेक सेंटिमीटर. ढोबळ आहे हे. अंग काही चिऱ्यासारखं एकसंध नसतं. पण खांदा निळा पडतो की नुसता ढकलला जातो, ते त्या दोन बोटांच्या जागेवर ठरतं.

अडचण अशी की लागणार म्हटलं की अंग मागे सरतं. सगळ्यांचंच सरतं, आणि आपल्या लोकांना तर ते शिकवावंच लागत नाही. अंग चोरणं ही आपली पहिली विद्या. पाणंदीत समोरून गावकार आला की कुंपणाला चिकटायचं. दुकानात पैसे फळीवर ठेवायचे, साखरेची पुडी वरून ओंजळीत पडायची. आये पाठीमागून ओरडायची, ‘बाजूक सर, लागात!’ लागात म्हणजे इजा होईल, आणि लागात म्हणजे शिवेल. आमच्या बोलीत दोन्हीला शब्द एकच. लहानपणी मला त्यातला फरक कळायचा नाही. फरक करायची वेळही यायची नाही.

कॅम्पातला उस्ताद पलटणीतून आलेला हवालदार होता. चांदमारीवर दहा-दहांची ओळ, पोटावर पालथी. हुकूम सगळे हिंदीत. ‘शिस्त ले’ म्हणाला तशी आम्ही कोकणातली पोरं आणखीनच ताठ झालो. लष्करी हिंदीत शिस्त म्हणजे नेम. आपल्या मराठीत शिस्त म्हणजे काय ते तुमच्या मास्तरांनी छडीनं शिकवलेलं आहेच.

माझ्या वाट्याच्या रायफलीच्या बटावर ‘एल’ ठोकलेलं होतं. त्याचा अर्थ मला पुढे पलटणीत गेल्यावर समजला. ली एनफील्डचं लाकडी बट मापामापाचं येई. लांब हातांच्या माणसाला ‘एल’, आखूड हातांच्याला ‘एस’, आणि त्याहून आखूड ‘बी’, म्हणजे बँटम. पहिल्या महायुद्धात ब्रिटनमध्ये पाच फूट तीन इंचांच्या आतल्या माणसांच्या वेगळ्या बँटम पलटणी उभ्या केल्या होत्या. म्हणजे स्वतःच्या बुटक्या माणसासाठी साहेबानं बंदूक कापून लहान केली. माझी उंची पाच फूट चार इंच, हातात एल. डोळा मागच्या साइटपाशी न्यायचा तर मान ताणावी लागे, मान ताणली की बट खांद्यातून सुटून दंडाच्या हाडावर जाई. पहिल्या गोळीला डोळ्यांपुढे काजवे. तिसरीला दंड बधिर. मापाचं बट मागता येतं हे सांगणारं कोणी नव्हतं. मागितलं असतं तर स्टोअरवाला काय बोलला असता, तेही मला ठाऊक आहे.

तिसऱ्या गोळीनंतर उस्ताद माझ्याशेजारी गुडघ्यावर बसला. अंगठ्यानं माझ्या गळ्याखालचं हाड चाचपलं, तिथून खाली आणि बाहेर सरकला, आणि खांद्याचा सांधा यायच्या आत जो खड्डा असतो तिथं अंगठा दाबला. ‘यहाँ. हड्डी पे नहीं, गोश्त पे.’ मग एक हात माझ्या पाठीवर ठेवून दुसऱ्यानं बट त्या खड्ड्यात बसवलं. तळव्यानं माझं डोकं दाबून गाल लाकडावर टेकवला. टाचा जमिनीला, पाय फाकलेले, अंग रायफलीच्या रेषेला किंचित तिरकं. ‘खींच के रख. बदन मत चुरा.’

पुढच्या दोन गोळ्यांचा धक्का मला आठवत नाही. अंगठा आठवतो. मी अठरा वर्षांचा होतो. वरच्या जातीच्या माणसानं माझ्या अंगाला मुद्दाम हात लावला, आणि तो मारायला नव्हता, काम शिकवायला होता, असं पहिल्यांदा झालं. त्याला त्यात काही वाटलं नसणार, दिवसाला शंभर खांदे दाबायचे त्याचे. त्याच रात्री पंगतीत काय झालं तो वेगळा विषय आहे, तो इथं काढत नाही.

व्हरांड्यात बसवून अक्षरं शिकवता येतात, आपल्या बापजाद्यांना तशीच शिकवली. पाढे लांबून घोकून घेता येतात. धक्का घ्यायला लांबून शिकवता येत नाही. खांद्याला हात लावावाच लागतो.

आमच्या आज्याच्या खांद्याला तो हात लागला १९१७ साली. त्याआधी पाव शतक आपल्याला लष्कराचं दार बंद होतं. १८९२ च्या सुमारास इंग्रजांनी महारांची भरती थांबवली, म्हणे ही लढवय्यी जात नाही. महाडजवळच्या रावदळचे गोपाळबाबा वलंगकर स्वतः पेन्शनीतले हवालदार. त्यांनी १८९४ साली भरतीसाठी अर्ज लिहून तयार केला. दार उघडलं ते महायुद्धात माणसं कमी पडली तेव्हा. १११ महार्स ही पलटण उभी राहिली, आज्जा तिच्यात गेला. युद्ध संपलं, १९२१ पर्यंत पलटणच मोडली, आज्जा परत आला. परत आला तो महारकीलाच.

भात कापून झालं की गावचा खोत डुकराच्या शिकारीला निघे. आज्जा हाकाऱ्यांत. पत्र्याचा डबा बडवत रान उठवायचं आणि डुक्कर खोताच्या बंदुकीपुढे आणायचं. एका साली खोतानं नवी बारा बोरची बंदूक आणली. बारा बोरमधून तीस-पस्तीस ग्रॅम शिसं एकदम सुटतं आणि बंदूक जेमतेम तीन किलोची, म्हणजे धक्का थ्री नॉट थ्रीहून वाईट. पहिल्याच बाराला खोत ढुंगणावर बसला. चार दिवस खांद्यावर हळदीचा लेप. पुढच्या शिकारीला पुन्हा तेच. आज्जा वीस पावलांवर डबा घेऊन उभा. त्याला दिसत होतं, बट दंडावर टेकलंय, छातीपासून लांब धरलंय. सांगणार कसं? विचारलं असतं तर तोंडानं सांगितलं असतं. पण अंगठा कुठं दाबायचा ते दाखवायला खोताच्या खांद्याला महाराचा हात लागणार. तेव्हा खोत दर साली निळा खांदा घेऊन घरी जायचा, आणि रायफल चालवलेला माणूस डबा बडवायचा. आज्जा हे सांगताना आमच्यापुढे अंगठा धरून हसायचा. ‘शिकलंय ता सगळा हेच्यात रवला.’ मला लहानपणी हसू यायचं. आता येत नाही.

खोती १९४९ च्या कायद्यानं गेली. बंदुका राहिल्या. आमच्या जिल्ह्यात डुकरं-माकडं हाकायला शेतीसंरक्षणाचे परवाने पुष्कळ आहेत. परवाना शेतीसाठी, म्हणजे मागायला आधी शेत पाहिजे. तुम्ही कार्यकर्ते आहात, आपापल्या गावी मोजून बघा आपल्या वाडीत किती परवाने आहेत.

मी १९८१ ला महार रेजिमेंटमध्ये गेलो. ही रेजिमेंट १ ऑक्टोबर १९४१ ला बेळगावला उभी राहिली. त्याच वर्षी जुलैत बाबासाहेब डिफेन्स ॲडव्हायजरी कमिटीवर गेले होते आणि महारांच्या पलटणीसाठी भांडत होते. १९४६ ला तिला मशीनगनची रेजिमेंट केलं. आमच्या बिल्ल्यावर दोन विकर्स गन आहेत, एकमेकींना छेद दिलेल्या. विकर्सची गंमत अशी की ती धक्क्यावरच चालते. गोळी सुटली की नळी मागे येते, आणि त्या मागे येण्यानंच रिकामं काडतूस बाहेर पडून पुढचं भरलं जातं. धक्का नसेल तर ती गन एका गोळीनंतर बंद. रंगरुटाला हे सांगितलं की तो बिल्ल्याकडे वेगळ्या नजरेनं बघतो.

आमचं सेंटर सागरला, मध्य प्रदेशात. नाव सागर आणि मासळी बघायला नाही. तिथं एस.एल.आर. होती, ७.६२ ची. तिच्यात काही वायू यंत्र चालवायला खर्च होतो, म्हणून लाथ जरा लांबट, मऊ. तिथंच मला नकली काडतुसांचा सराव मिळाला, आणि पोरांना मी तोच पहिला सांगतो. मॅगझिन तुम्ही भरायची नाही, जोडीदारानं भरायची, खऱ्यांत दोन-तीन नकली मिसळून. कितवं नकली ते तुम्हाला ठाऊक नाही. नकलीवर घोडा दाबला की नुसतं टक् होतं. धक्का नाही, आवाज नाही, पण नळी खाली डुचकळते, डोळे मिटतात, खांदा आक्रसतो. गोळी सुटायच्या आधीच अंग मार खाऊन मोकळं झालेलं असतं. आमच्या तुकडीत निरनिराळ्या प्रांतांची पोरं होती, खानदानी लढवय्ये म्हणवणारीही. सगळ्यांच्या नळ्या डुचकळल्या. साहेबाच्या लढवय्यी जातीच्या शास्त्राचा एवढा स्वस्त निकाल मी दुसरीकडे कुठं बघितला नाही. तीन नकली काडतुसं पुरतात.

ते आक्रसणं जातं, पण सांगून जात नाही. हळूहळू घोडा दाबायचा, इतका हळू की गोळी कधी सुटेल ते आपल्यालाच कळू नये. अर्धा श्वास सोडून तिथंच थांबायचं. दिवसाला दहा-पंधरा गोळ्या बस झाल्या. खांदा ठणकायला लागल्यावर मारलेली प्रत्येक गोळी अंगाला भीतीच शिकवते, तेव्हा मर्दुमकी दाखवू नका, उठा. सुजेवर पहिल्या दिवशी थंड फडकं, शेक नंतर.

आणि कान. अर्ध्याहून जास्त दचकणं आवाजाचं असतं, आपण उगाच खांद्यावर ढकलतो. उजव्या खांद्यावरून मारणाऱ्याचा डावा कान नळीच्या तोंडाकडे असतो, उजव्याला डोक्याचा आडोसा मिळतो. माझा डावा कान त्यातच अर्धा गेला. आम्हाला कापूस देत, कधी तोही नाही. कापसानं फारसं काही होत नाही. रबराचे बोळे मिळतात, स्वस्त असतात, चांदमारीला जाताना स्वतःचे खिशात असू द्या. कुणी हसलं तर त्याला माझ्याकडे पाठवा, मात्र त्याला म्हणावं उजव्या बाजूनं बोल.

आता भरती होणाऱ्याच्या हातात पहिल्यांदा बहुधा इन्सास येते. तिची गोळी चार ग्रॅमची, धक्का थ्री नॉट थ्रीच्या साधारण निम्मा. २०२२ पासून नोकरीही चारच वर्षांची झाली, त्याबद्दल पुढच्या अंकात लिहीन. इन्सास असो की आणखी काही, खड्डा तोच. उजवा हात पुढे करून कोपर खांद्याएवढं वर आणा, डाव्या अंगठ्यानं गळ्याखालच्या हाडापासून खाली चाचपत या, सापडतो. कोपर वर गेलं की तो खोल होतो. त्या जागी खिशाचं बटण नको, पट्ट्याची कडी नको, गळ्यातल्या साखळीचं पदकसुद्धा नको. पदकावर बाबासाहेब असले तरी फायरिंगपुरतं काढून खिशात ठेवा, नाहीतर त्यांचा ठसा आठवडाभर अंगावर राहतो. माझ्या एका दोस्ताच्या राहिला होता.