पदवी इथे, पुढचं तिथे

पदवी इथे घ्यायची आणि पुढचं शिक्षण तिथे. हे सूत्र मी माहेरी सांगलीत लहानपणापासून ऐकलं. लग्न होऊन मल्लेश्वरमला आले, तर शेजारच्या कन्नड, तमिळ आणि कोंकणी घरांतही तेच. मीही ते वर्षानुवर्षं ठामपणे सांगत आले. सँकी तलावाभोवती सकाळी फिरायला येणाऱ्या, दहावी-अकरावीतल्या मुलांच्या कितीतरी आयांना मी ते ऐकवलं आहे. आता माझी मुलगी बारावीत, म्हणजे इथल्या भाषेत सेकंड पीयूत आहे, आणि माझं मत बदललं आहे. ज्यांना मी जुनं मत इतक्या ठासून सांगितलं, त्यांना नवं मतही कारणांसकट कळायला हवं, म्हणून हे लिहिते आहे.

जुन्या मताला आधार भक्कम होता. आमच्या घरापासून चालत जाता येईल इतक्या अंतरावर भारतीय विज्ञान संस्था आहे. इथले जुने लोक आणि रिक्षावाले तिला अजून टाटा इन्स्टिट्यूटच म्हणतात. वर्षातून एकदा तिथे ‘ओपन डे’ असतो, सगळ्या प्रयोगशाळा लोकांसाठी उघडतात आणि अर्धं मल्लेश्वरम पोरांना घेऊन तिकडे लोटतं. मुलीला आम्ही खांद्यावर बसवून नेत होतो तेव्हापासून तिथे जातो आहोत. स्थापनेनंतर शंभर वर्षं उलटून गेल्यावर, २०११मध्ये, या संस्थेने बारावीनंतरचा चार वर्षांचा पदवी अभ्यासक्रम सुरू केला. पहिली तीन सत्रं सगळ्यांनी गणित, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र, थोडं अभियांत्रिकीचं आणि थोडं मानव्यविद्यांचं शिकायचं, मग मुख्य विषय निवडायचा आणि चौथ्या वर्षी प्रत्यक्ष संशोधन करायचं. फी परदेशाच्या मानाने नगण्य. हे दाराशी असताना अठरा वर्षांच्या मुलीला सातासमुद्रापार कशाला पाठवायचं, हा माझा प्रश्न होता, आणि त्याला कुणी उत्तर दिलं की मी सी. व्ही. रामन यांचं नाव काढत असे. रामन मल्लेश्वरमचेच. त्यांचं ‘पंचवटी’ हे घर इथेच आहे. बी.ए. आणि एम.ए. मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात, नोबेलचं काम कोलकात्यात. त्यांना कुठे परदेशी पदवी लागली?

गेल्या दिवाळीत माझा मोठा भाऊ अमेरिकेहून आला होता. पवईच्या आयआयटीतून तो १९८०च्या दशकात तिकडे एम.एस.ला गेला आणि तिथलाच झाला. आमच्या घराण्यातलं सूत्राचं चालतंबोलतं उदाहरण तोच, त्यामुळे भाचीला तो चार गोष्टी सांगेल अशी माझी अपेक्षा होती. तिने विचारलं, “मामा, तू पदवीलाच का नाही गेलास?” तो म्हणाला, “अगं, पदवीला कोण पैसे देणार होतं? एम.एस.ला असिस्टंटशिप मिळाली, फी माफ झाली, वर महिन्याला पगार. बाबांकडे विमानाच्या तिकिटाचे पैसे कसेबसे जमले होते. पदवीला कुणी दिले असते तर पदवीलाच गेलो असतो.”

तो हे सहज बोलून गेला आणि पुढे सांगलीच्या भडंगाकडे वळला. मी मात्र त्या वाक्याशी बराच काळ अडून राहिले. ज्याला मी शिक्षणाचं तत्त्व समजत होते, ती एका पिढीच्या पैशांची सोय होती. सरकारी खर्चाने चालणाऱ्या संस्थांत इथे पदवी जवळजवळ फुकट, आणि तिथल्या विद्यापीठांना प्रयोगशाळांत व वर्गांत हाताशी हुशार मुलं हवी असत म्हणून पदव्युत्तर शिक्षणही पदरमोड न करता. दोन्ही टोकं जुळली. ज्यांचं त्यात भलं झालं ते काका-मामा सुट्टीत घरी येऊन सांगू लागले की आधी इथे पाया पक्का करावा, मग बाहेर पडावं. पाया पक्का होतो हे खरं, पण त्यांच्या जाण्याची वेळ ठरवली ती पैशाने.

मग मी मागची उदाहरणं पुन्हा पाहायला लागले. डॉ. आंबेडकर १९१२मध्ये एल्फिन्स्टन कॉलेजातून बी.ए. झाले आणि १९१३मध्ये कोलंबियाला गेले, कारण बडोदे संस्थानाची महिना साडेअकरा पौंडांची, तीन वर्षांची शिष्यवृत्ती त्या टप्प्यावर मिळाली. दामोदर कोसंबी हार्वर्डमधून १९२९मध्ये पदवीधर झाले. त्यांची पहिली पदवीच परदेशातली, आणि त्याचं कारण वडिलांचं, धर्मानंदांचं, पाली ग्रंथांचं काम हार्वर्डमध्ये चाललेलं होतं, हे. जयंत नारळीकर बनारसचे बी.एस्सी. होऊन केंब्रिजला गेले, ते जे. एन. टाटा शिष्यवृत्तीवर, आणि तिथे पुन्हा ट्रायपॉसला, म्हणजे पदवीच्याच अभ्यासक्रमाला बसले. इथे पदवी झालेली असूनही तिथली पहिली पायरी त्यांनी चुकवली नाही, हे मला आता फार बोलकं वाटतं.

रामन यांची हकीकतही तशीच निघाली. ते इंग्लंडला गेले नाहीत, कारण मद्रासच्या सिव्हिल सर्जनने तपासून सांगितलं की तिकडची हवा यांना मानवणार नाही. मग १९०७मध्ये ते अर्थखात्याच्या नोकरीत शिरले आणि कचेरी सांभाळून संशोधन करत राहिले. त्यांची थोरवी याने तसूभरही कमी होत नाही. पण ‘देशातच शिकावं’ या मताचा साक्षीदार म्हणून त्यांना उभं करणं मी थांबवलं आहे.

ज्यांच्या नावाने टाटा इन्स्टिट्यूट ओळखली जाते, त्या जमशेटजींनी तर दोन्ही गोष्टी केल्या. १८९२मध्ये त्यांनी भारतीय मुलांना परदेशी शिकायला पाठवण्यासाठी निधी उभारला. त्याच्या पहिल्या दोन मानकऱ्यांपैकी एक कोल्हापूरच्या डॉ. कृष्णाबाई केळवकर. आणि मग याच गृहस्थांनी इथे, देशात, विज्ञानाचं विद्यापीठ हवं म्हणून आपल्या मिळकतीचा मोठा भाग बाजूला काढला. १९०९मध्ये संस्था स्थापन झाली ती पाहायला ते हयात नव्हते. पाठवणं आणि उभारणं या दोन गोष्टींत त्यांना विरोध दिसला नाही. मी मात्र इतकी वर्षं एकीच्या बाजूने दुसरीशी भांडत होते.

आज हिशेब उलटा झाला आहे. पगारी असिस्टंटशिप आता मुख्यतः पीएच.डी.ला मिळते. एम.एस.ला जाणारी आमच्या ओळखीतली बहुतेक मुलं घर किंवा जमीन तारण ठेवून कर्ज काढतात. उलट, पदवीच्या पातळीवर हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, ॲमहर्स्ट अशी अगदी मोजकी विद्यापीठं परदेशी मुलांनाही प्रवेश देताना घरची ऐपत पाहत नाहीत आणि प्रवेश दिला तर कमी पडेल तेवढी रक्कम स्वतः भरतात. आणखी काही महाविद्यालयं मदत देतात, पण मदत मागितली की प्रवेशाची शक्यता घटते. मदतीविना वर्षाचा खर्च ८० हजार डॉलरच्या पुढे जातो. तो आमच्या आवाक्यात नाही आणि असता तरी मी केला नसता, हे मत बदललेलं नाही. जर्मनीच्या सरकारी विद्यापीठांत फी नसते किंवा फार थोडी असते, पण आपल्या बारावीवर तिथे पदवीला थेट प्रवेश सहसा मिळत नाही. इथे एक वर्ष कॉलेज, तिथलं तयारीचं वर्ष किंवा जेईई ॲडव्हान्स्ड, यांपैकी काहीतरी पार करावं लागतं. तो पर्याय आम्ही लवकर सोडला.

मदतीचा अर्ज भरायला मी बसले तेव्हा खरी गाठ पडली. उत्पन्न, बचत, भविष्यनिर्वाह निधी, गाडी, आजीच्या औषधपाण्याचा खर्च, सगळं लिहून झालं. मग रकाना आला घराच्या आजच्या किमतीचा. आमचं घर आजेसासऱ्यांनी बांधलेलं, लाल ऑक्साइडची जमीन, पुढे चाफा, मागे सफाईची अरुंद गल्ली. आम्ही दोघं पगारावर जगतो आणि महिनाअखेरीस जेमतेम पुरतं. पण मल्लेश्वरममधल्या जागेचे भाव असे चढले आहेत की त्या रकान्यात खरा आकडा लिहिला तर आम्ही कोट्यधीश ठरतो. नवरा म्हणाला, “घर विकून मुलीला शिकवा, असं हा कागद सांगतोय.” आम्ही खरा आकडाच लिहिला. सोबत पत्र जोडलं की या घरात माझ्या सासूबाई राहतात, ते विकता येणार नाही आणि त्यावर कर्जही काढणार नाही. या पत्राचा मसुदा करताना आमच्यात जितकं स्पष्ट बोलणं झालं, तितकं लग्नानंतर क्वचितच झालं असेल.

आता मुलीला काय शिकायचं आहे ते. हे मल्लेश्वरम १८९८च्या प्लेगनंतर वसलं. गर्दीच्या पेठेतून माणसं बाहेर काढायची म्हणून रुंद सरळ रस्ते आखले, घरांच्या मागून सफाईसाठी गल्ल्या सोडल्या. मुलगी कोविडच्या काळात प्राथमिक शाळेत होती, घरात कोंडलेली, आणि मागची गल्ली का आहे हे तिने तेव्हा आजीला विचारलं होतं. त्यातून तिला साथींचं वेड लागलं. साथ म्हटली की जंतू आले, संख्याशास्त्र आलं, आणि पुण्यात-बंगळुरूत सरकार कसं वागलं, लोक का घाबरले, हा इतिहासही आला. इथे दहावीनंतर सायन्स घेतलं त्या दिवशी इतिहास सुटला. परत हवा म्हणाली तर कुणाकडे सोय नव्हती. टाटा इन्स्टिट्यूटमध्ये पहिल्या दोन गोष्टी उत्तम मिळतील, तिसरी थोडीशी. तिथे शिरायला जेईईसारख्या परीक्षा, आणि त्यासाठी दोन वर्षं क्लास. वय वर्षं सोळा ते अठरा या काळात तिने पाठ्यपुस्तकाबाहेरचं जवळजवळ काही वाचलं नाही. ‘इथलं’ शिक्षण स्वस्त म्हणताना ही दोन वर्षं मी कधी खर्चात धरली नव्हती. परदेशी अर्जासाठी निबंध लिहायचा होता, तेव्हा ती पहिल्यांदा पुन्हा प्लेगकडे वळली. निबंध लिहून देणारे सल्लागारही शहरात ढीगभर आहेत आणि त्यांचा धंदा मला पटत नाही. तिने आपला आपण लिहिला.

एक गोष्ट राहिली, आणि ती लिहायला मला सर्वांत जड जाते. जुन्या सूत्रात माझ्या मनाची आणखी एक सोय होती. मुलगी एकविशीपर्यंत नजरेसमोर राहते. माझ्या वेळी घरच्यांनी हेच म्हटलं होतं, आधी बी.एस्सी. होऊ दे, मग बघू. ‘मग’ आलं तेव्हा लग्न ठरलं होतं. मी दुःखात नाही, पण लेकीला तेच वाक्य तेवढ्याच मायेने सांगताना मी स्वतःला ऐकलं आहे. घराजवळचं दार मुलींसाठी नेहमी उघडं होतं, असंही नाही. मुंबई विद्यापीठात पहिल्या आलेल्या कमला भागवत, पुढे कमला सोहोनी, यांना १९३३मध्ये याच टाटा इन्स्टिट्यूटने स्त्री म्हणून प्रवेश नाकारला. त्या इथे येऊन अडून बसल्या तेव्हा कुठे अटी घालून घेतलं. नाकारणारे, तेव्हा संस्थेचे संचालक असलेले, रामनच होते. पुढे १९३९मध्ये कमलाबाईंना केंब्रिजची पीएच.डी. मिळाली.

तर माझं आजचं म्हणणं असं. घर गहाण न ठेवता, कर्ज न काढता परदेशी पदवीची सोय होत असेल आणि तिथे तिन्ही विषय एकत्र शिकता येत असतील, तर तिने पहिल्याच पदवीला जावं. रक्कम अपुरी आली तर इथे, आणि मग नुसती एम.एस.ची पाटी लावायला कर्ज काढून जाऊ नये.

अडचण तारखांची आहे. तिथले निकाल मार्चअखेर येतात आणि १ मेपर्यंत होकार कळवावा लागतो. टाटा इन्स्टिट्यूटचं चित्र स्पष्ट व्हायला जून उजाडतो. म्हणजे इथलं उत्तर हातात नसताना तिथे हो म्हणायचं. मी तयार आहे. नवरा म्हणतो, महिनाभराची सवलत मागून पाहू, मिळाली नाही तर सोडून देऊ. मुलगी सध्या परीक्षेत आहे, तिला आम्ही यात ओढलेलं नाही. यावर आम्हा दोघांचं अजून ठरलेलं नाही.