नंबर नसलेला रस्ता

तिसगावहून आमच्या गावाला यायचं म्हणजे एकेक पायरी खाली उतरायची. पहिला कल्याण-नगर-पाथर्डी-नांदेड-निर्मल हा राष्ट्रीय महामार्ग. पूर्वी त्याचा नंबर २२२ होता, आता ६१ आहे. कडेच्या दगडाचं डोकं पिवळं. तिथून आत वळलं की पाटीवर 'प्रजिमा', म्हणजे प्रमुख जिल्हा मार्ग. पुढं 'इजिमा', इतर जिल्हा मार्ग. शेवटी 'ग्रामा', ग्रामीण मार्ग. आमच्या घरात प्रजिमा हे कुणाच्या तरी लेकीचं नाव असावं असं सगळ्यांना वाटतं. हिरव्या दगडाचा राज्यमार्ग आमच्या वाटेत येत नाही.

ही प्रतवारी १९४३ ची. नागपूरला मुख्य इंजिनिअरांची परिषद भरली, तेव्हा इंग्रज होते. रस्ता कशाच्या कामी येतो त्यावर त्याचा दर्जा ठरला. राजधान्या आणि बंदरं जोडील तो राष्ट्रीय, जिल्ह्याची ठिकाणं जोडील तो राज्याचा, बाजाराची गावं जोडील तो जिल्ह्याचा आणि खेडं जोडील तो गावाचा. शेतीच्या मुलखात कुठलंही गाव मोठ्या रस्त्यापासून ५ मैलांपेक्षा लांब नसावं, असाही हिशेब धरला होता. हिशेब चांगला होता, नाही कोण म्हणतंय! पैसाही याच दर्जानं येतो. प्रजिमापर्यंत बांधकाम खातं बघतं, जुनी माणसं अजून त्याला बीअँडसी म्हणतात. त्याच्या खालचं जिल्हा परिषदेकडं.

आमचा ग्रामा १९७२ च्या दुष्काळातला. मी बारा वर्षांचा होतो. आई त्याच्यावर खडी फोडायला जायची, दुपारी मिळालेली सुकडी पदराला बांधून आमच्यासाठी आणायची. पुढं त्या रस्त्याला नंबर मिळाला, डांबर आलं.

पण तो गावाच्या पारापाशी संपतो. तिथून आमची वस्ती दीड किलोमीटर. गावनकाशात ही गाडीवाट दोन तुटक रेघांनी दाखवलीय, पण नागपूरच्या यादीत ती कशातच बसत नाही. कापसाचं बोचकं, दुधाची किटली, आजारी माणूस, सगळं निघतं मात्र तिथूनच. पावसाळ्यात दुधाचा टेम्पो पारावरच थांबतो. किटली डोक्यावर घेऊन मी चिखलातनं जातो.

चार वर्षांमागं पुतण्याला बघायला पाहुणे आले. जीप ओढ्याच्या अलीकडंच ठेवावी लागली. पायताणं हातात घेऊन वस्तीवर आले, चहा घेतला, पोरगा आवडलाही. आठ दिवसांनी निरोप आला, "पोरगं चांगलंय, पण लेक बाळंतपणाला बाजेवर आणायची का?" यावर काय बोलणार!

वाट मुळात बैलगाडीची होती. शेजारच्यांनी दरसाल एक तास जास्त मारून ती सायकलीपुरती केली. जमीन महसूल कायद्याच्या १४३ कलमाखाली तहसीलदाराला बांधावरून रस्ता देता येतो, पण आमची वाट तर नकाशातच होती, ती फक्त मोकळी करायची होती. यंदा अर्ज दिला. मंडल अधिकारी टेप आणि नकाशा घेऊन आले. मोजणी शेजारच्याच्या तुरीत शिरली.

तो म्हणाला, "दादा, दोन ओळी जात्यात की माझ्या."

"तूर काढून घे आधी," म्हणलं, "मग बघू."

संक्रांतीनंतर मुरूम टाकायचं ठरलंय. ट्रॅक्टर त्याचाच आहे.