पोटखराबा

महसूल खात्यात कोणे एके काळी एखादा थोर विनोदी लेखक नोकरीला असावा, असा माझा फार दिवसांचा संशय आहे. त्याशिवाय ‘पोटखराबा’ हा शब्द सुचणं शक्य नाही. ज्यांनी सातबाऱ्याचा उतारा कधी हातात धरला असेल त्यांना हा शब्द भेटला असेल. शेतातलं लागवडीलायक क्षेत्र किती आणि उरलेलं, म्हणजे ज्यात काही पिकायचं नाही असं, किती, याचा हिशेब तिथं मांडलेला असतो. हे उरलेलं म्हणजे पोटखराबा. त्यातही अ आणि ब असे वर्ग आहेत. (आपल्याकडे खराब्यातसुद्धा वर्गवारी हवीच.) खडकाळ, नापीक जमीन ‘अ’ वर्गात, आणि रस्ते, पायवाटा, नाले, ओढे ही सगळ्यांच्या उपयोगी पडणारी मंडळी ‘ब’ वर्गात. ज्याच्या जिवावर आसपासच्या विहिरींना पाणी लागलं तो ओढा दप्तरात खराबा, आणि त्याच पाण्यावर पिकलेला कापूस मात्र लागवडीलायक!

पारोळ्याच्या बाहेर आमची कॉलनी आहे. मी तिथं भाड्यानं राहतो, त्यामुळे मला सातबारा नाही, नुसतं पोट आहे. कॉलनीची जमीन पूर्वी जिभाऊंची. (खानदेशात वडीलधाऱ्या माणसाला जिभाऊ म्हटलं की नाव विचारायची गरज उरत नाही.) या जमिनीच्या मधून एक ओढा जायचा. जमीन एन.ए. झाली, चुन्याच्या रेघा पडल्या, दगड रोवले गेले. गावनकाशात जो ओढा दोन रेघांचा होता तो पुढच्या नकाशात एका रेघेचा झाला, त्याच्या पुढच्यात तुटक रेघेचा, आणि प्लॉट विकायला काढले तेव्हा छापलेल्या रंगीत कागदावर त्या जागी चार हिरवी झाडं आणि एक झोपाळा होता. कागद फारच सुंदर होता. ओढ्याला तो कुणी दाखवला नाही, एवढंच.

आता पाण्याचं म्हणणं काय ते ऐका. खानदेशातली जुनी घरं धाब्याची. लाकडी तुळया, त्यावर फळ्या-काटक्या आणि त्यावर मातीचा जाड थर. पाऊस आला की धाबं आधी स्वतः प्यायचं, मग घरातल्यांच्या अंथरुणाला पाजायचं, आणि त्यातून उरलं तर गल्लीला द्यायचं. आमच्या आजीनं घरातली सगळी पातेली छताखाली मांडून असे कैक पावसाळे काढले. गल्ली मातीची, अंगण शेणानं सारवलेलं, त्यापुढं शेत. ओढ्यापर्यंत पोचेपर्यंत पावसाचं पाणी दहा घरचा पाहुणचार घेऊन, दमून, हळूहळू यायचं. बरंचसं तर वाटेतच जमिनीत मुरायचं आणि पुढं मार्गशीर्ष-पौषापर्यंत ओढ्याला पाझरत राहायचं.

स्लॅबला असली माया नाही. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी, हे गणित सोपं आहे. शंभर चौरस मीटरच्या स्लॅबवर पन्नास मिलिमीटरची सर आली की पाच हजार लिटर पाणी पाइपातून धडाधड रस्त्यावर. अशी दोनशे घरं धरा, दहा लाख लिटर झाले. यात काँक्रीटचा रस्ता आणि अंगणातली फरशी मी धरलेली नाही. आमच्याकडे वर्षाचा पाऊस सातशे मिलिमीटरच्या आसपास. तो पूर्वी नोकरदाराच्या पगारासारखा पुरवून वापरला जायचा, आता लॉटरीसारखा एका दुपारी येतो आणि त्याच संध्याकाळी संपतो. जाताना रस्त्यावरचं ऑइल, शेण, पिशव्या, सगळं बरोबर घेऊन जातो. टॉम शूलर या अमेरिकन गृहस्थानं १९९४ साली असं मांडलं की, पाणलोटाचा जेमतेम दहा टक्के भाग छपरा-रस्त्यांनी झाकला गेला की ओढ्याची प्रकृती बिघडायला लागते. दहा टक्के! आमच्या कॉलनीत दहा टक्के उघडी जमीन दाखवा, मी चहा पाजतो.

पण मला सगळ्यात कौतुक वाटतं ते दुसऱ्याच चमत्काराचं. हा ओढा जन्मजात पावसाळी. दिवाळीनंतर आटत जाणार, होळीला कोरडा ठणठणीत. भगीरथाला एक गंगा आणायला पिढ्यान् पिढ्या तप करावं लागलं. आम्ही दोनशे मोऱ्या आणि तितकेच संडास जोडून ओढा बारमाही करून टाकला. वैशाखात सगळा तालुका तडकलेला असताना आमचा ओढा वाहतोय! तामसवाडीला बोरी नदीवर धरण आहे, पण नळाला पाणी येण्याचे दिवस आमच्याकडे संकष्टीसारखे कॅलेंडरवर बघावे लागतात. ओढ्याला मात्र एक दिवस खाडा नाही.

हे पाणी नुसतं घाण दिसतं म्हणून वाईट, असं नाही. पाण्यात विरघळलेला प्राणवायू असतो, मासे-बेडूक त्यावर जगतात. सांडपाण्यातली घाण कुजवणारे जिवाणू तो प्राणवायू आधी फस्त करतात. पंगतीला आगंतुक आधी बसले की यजमान उपाशी, तसं. बेडूक गेले. राहिले डास, त्यांना अशा कुठल्याच अटी नाहीत. पावसाळ्याच्या सुरुवातीला ज्या आवाजानं झोप यायची तो आवाज गेला, आणि ज्या आवाजानं झोप उडते तो बारा महिने ऐकू येतो.

ओढ्याच्या काठाला जिभाऊंची जुनी विहीर आहे. जमीन विकताना तेवढी त्यांनी ठेवून घेतली होती. नळ हुकला की सगळी कॉलनी तिच्यावर. जिभाऊ पायरीवर बसून बायाबापड्यांशी बोलत असत आणि कुणालाही पाण्याला नाही म्हणत नसत. त्यांच्या घराण्यात तशी रीतच नव्हती. मग एका पावसाळ्यात शेजारच्या आप्पांच्या नातवाला कावीळ झाली. सात वर्षांचा पोरगा, हळदीसारखा पिवळा, तीन आठवडे अंथरुणावर. त्याच्यापाठोपाठ आणखी चार घरांत. पोटं तर सगळ्यांचीच. सातबाऱ्यावरचा पोटखराबा असा घराघरांत नोंदवला गेला.

समोरच्या वहिनींनी कुठून तरी पाणी तपासायची छोटी बाटली मिळवली. त्यात विहिरीचं पाणी भरून ठेवायचं. विष्ठेतले जंतू असतील तर त्यातून हायड्रोजन सल्फाइड होतो आणि पाणी काळं पडतं, एवढंच शास्त्र. बाटली रात्रभर त्यांच्या ओट्यावर, साखरेच्या डब्याशेजारी होती. सकाळी शाईसारखी काळी. आमच्या कॉलनीनं तोंड काळं केल्याचा एवढा लेखी पुरावा दुसरा नसेल.

वहिनी ती बाटली घेऊन जिभाऊंकडे गेल्या. मीही होतो. जिभाऊंनी ती उजेडात धरली, बराच वेळ पाहिली, काही बोलले नाहीत. दुपारी त्यांनी स्वतः रहाटाचा दोर सोडला, गुंडाळून खांद्यावर टाकला आणि घरी नेला. कुणी विहिरीशी कळशी घेऊन आलंच तर ते दुसरीकडे बघायचे.

त्या आधीच्याच भाद्रपदात ओढा एका रात्री स्वतः हजेरी देऊन गेला होता. जास्त काही नाही, तासभर पाऊस. पण पाणी थेट जुन्या पात्रातून आलं. कुठल्या कुठल्या प्लॉटमधून गेलं ते पाहिलं असतं तर मूळ गावनकाशा काढायची गरज नव्हती. ज्या घरात झोपाळ्याचं चित्र होतं तिथं गुडघाभर. जिभाऊ सकाळी काठीनं चिखल ढोसत एवढंच म्हणाले, “भाऊ, पानी वाट इसरत नही.”

इसरत नाहीच. मुंबईकर मिठीला नाला म्हणू लागले होते. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि ती नदी आहे हे सगळ्यांना एकदम आठवलं. पुण्याच्या आंबील ओढ्याला पेशव्यांनी वळवलं, पुढच्यांनी आवळलं. २५ सप्टेंबर २०१९च्या रात्री त्यानं भिंती पाडल्या आणि माणसं नेली. मिठीनं मुंबई बुडवली त्याच २००५ साली तिकडे कोरियात सेऊलकरांनी उलटा उद्योग पुरा केला. भर शहरात चाँग्येचॉन नावाचा ओढा त्यांनी काँक्रीटखाली गाडून वर उड्डाणरस्ता बांधला होता. तो रस्ता पाडून त्यांनी साडेपाच-सहा किलोमीटर ओढा पुन्हा उघडा केला. आता लोक तिथं पाण्यात पाय सोडून बसतात. अर्थात त्यात पाणी पंपानं आणून सोडावं लागतं. मेलेल्याला उठवणं एवढं स्वस्त नसतं.

आमच्या गावाला पाण्याची अक्कल नव्हती, असं कुणी म्हणू नये. हरि सदाशिव दामोदर यांनी १७२७ साली इथला भुईकोट किल्ला बांधला आणि भोवती खंदक खणला. पाणी शत्रूच्या वाटेत कसं बसवायचं हे त्यांना नेमकं कळत होतं. आज त्या खंदकाकडे पाहिलं तर शत्रूला आत यायला पोहण्याची गरज पडणार नाही, फक्त नाक धरावं लागेल.

गेल्या महिन्यात कॉलनीची बैठक झाली. विषय एकच, ओढा. एकमतानं सुचलेला उपाय असा की ओढ्यावर स्लॅब टाकावा. दिसणार नाही, वास येणार नाही, वर गणपतीचा मांडव घालता येईल आणि एरवी गाड्या लावता येतील. एका उत्साही सभासदानं तर वडापावच्या गाडीसाठी कोपरा मागूनही ठेवला. “आणि खालून जाणारं पाणी?” असं वहिनींनी विचारलं. तेव्हा “ते पुढं जाईल ना,” असं उत्तर आलं. पुढं म्हणजे तापीच्या खोऱ्यात, आणि तापी उकाईच्या धरणातून सुरतेला. सुरतेचं नाव निघताच सभासदांचे चेहरे निश्चिंत झाले. शिवाजी महाराजांनंतर सुरतेला आपल्याकडून काही गेलं नव्हतं.

वहिनी उठून घरी गेल्या. दुसऱ्या दिवशी त्यांच्या परसात खणती सुरू झाली. काळ्या मातीत पाणी मुरत नाही, म्हणून मुरूम लागेपर्यंत खाली जावं लागलं. दगड-विटांचे तुकडे भरून त्यांनी शोषखड्डा केला आणि मोरीचा पाइप ओढ्यातून काढून त्यात सोडला. स्लॅबच्या पाण्याचा पाइप वेगळ्या खड्ड्यात. दोनशे घरांत एक घर. सगळी कॉलनी हसली, आप्पा तर जाता-येता “काय वहिनी, खजिना लागला का?” म्हणून विचारायचे.

परवा मी सायकलला हवा भरत होतो. आप्पा आले, इकडेतिकडे पाहिलं, आणि हळूच म्हणाले, “त्या शोषखड्ड्याला साधारण विटा किती लागल्या हो?”

“वहिनींना विचारा की.”

“तेच तर,” आप्पा म्हणाले, “तुम्हीच विचारा ना माझ्यासाठी. भाडेकरूनं विचारलं तर चालतं.”