पेशींचा श्रीगणेशा

पावसाळ्यात मालगुंडच्या शेतांत भातलावणी सुरू झाली, की ताप आणि पोटऱ्यांतील वेदना घेऊन येणाऱ्या रुग्णाकडे मी अधिक सावधपणे पाहतो. उंदरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून, पायाच्या जखमेवाटे, लेप्टोस्पायराचे जंतू शरीरात शिरतात. वेळीच निदान झाले तर डॉक्सिसायक्लिनसारखे साधे औषध बहुधा पुरते. उशीर झाल्यास यकृत, मूत्रपिंडे, फुप्फुसेही धोक्यात येतात. औषध हाती घेताना रुग्ण पुष्कळदा विचारतात, ‘जंतूंना मारणारे हे औषध आमच्या पेशींना कसे मारीत नाही?’

याचे उत्तर प्रथिनांच्या निर्मितीत दडले आहे. डीएनएमधील मजकुराची नक्कल, म्हणजे संदेशवाहक आरएनए, रायबोसोमकडे येते. रायबोसोमचे दोन भाग असतात. प्रथम लहान भाग संदेशावर बसतो. ‘एयूजी’ ही तीन अक्षरांची खूण जुळली आणि मेथिओनिन हे पहिले अमिनो आम्ल जागेवर आले, की मोठा भाग येऊन मिळतो व प्रथिनाची साखळी गुंफली जाऊ लागते. आरंभ एका अक्षराने जरी सरकला, तरी पुढचा सारा मजकूर बिघडतो.

मनुष्य आणि जंतू या दोघांचाही श्रीगणेशा मेथिओनिननेच होतो. रीत मात्र निराळी. आपला रायबोसोम सहसा संदेशाच्या टोकापासून सरकत ती खूण शोधतो. अनेक जंतूंचा रायबोसोम खुणेच्या अलीकडची ठरावीक अक्षरे ओळखून थेट तेथे बसतो. शिवाय जंतू आपल्या पहिल्या मेथिओनिनला ‘फॉर्मिल’ हा लहानसा रासायनिक गट जोडतात. हीच खूण त्यांना भोवते. आपल्या रक्तातील न्यूट्रोफिल पेशी ती ओळखून त्यांच्या दिशेने धावतात.

यंत्रणेतील अशाच भेदांचा लाभ औषधे घेतात. डॉक्सिसायक्लिन जंतूंच्या रायबोसोमच्या लहान भागाला चिकटते. आरंभ झाला तरी साखळीत पुढचा दुवा जोडला जात नाही. आपल्या रायबोसोमची घडण वेगळी असल्याने नेहमीच्या मात्रेत त्याचे काम चालू राहते.

म्हणून रुग्णांना मी सांगतो, हे औषध जंतूंना मारण्यापेक्षा प्रामुख्याने त्यांची वाढ रोखते. उरलेले काम आपल्याच पेशी करतात आणि त्यांना त्यासाठी अवधी लागतो. ताप दोन दिवसांत उतरला तरी डॉक्टरांनी सांगितलेले दिवस पूर्ण करावेत. गोळी भरपूर पाण्याबरोबर घ्यावी व लगेच आडवे होऊ नये. गरोदर स्त्रियांना व लहान मुलांना तर ती डॉक्टरांना विचारल्यावाचून कधीच देऊ नये.