फोटो कुठला?

महापुराचा फोटो मोबाईलवर आला, की सांगलीजवळच्या कुपवाडची जाणती नजर पाण्याआधी काठ शोधते. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत कृष्णा नदी ५७ फुटांवर गेली. आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट आहे. नात्यातलं कोण कुठे अडकलंय, हे अशा वेळी फोटोवरून कळणं फार मोलाचं असतं. १९२९ चा दगडी कमानींचा आयर्विन कुणीही ओळखेल. अर्धी बुडालेली गल्ली ओळखणं कठीण.

तिथे अर्धवट दिसणारी दुकानाची पाटीही कामी येते. गाडीची नंबरप्लेट एमएच १० म्हणजे सांगली, ०९ कोल्हापूर, ११ सातारा. पण गाड्या फिरतात. एवढ्यावर निकाल देऊ नये. हिरव्या जाळीची बेदाण्याची शेड दिसली की तासगाव आठवतं, मात्र तशा शेड पंढरपूरकडेही आहेत.

सगळ्यांत सुंदर खूण सावलीची. उत्तर गोलार्धात भरदुपारी सावली उत्तरेला पडते, हा पुस्तकी नियम. कुपवाड मात्र सुमारे १७ अंश उत्तर अक्षांशावर, कर्कवृत्ताच्या बरंच खाली आहे. मेच्या पहिल्या आठवड्यापासून ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत इथे मध्यान्हीचा सूर्य डोक्याच्या उत्तरेला जातो आणि सावली दक्षिणेला पडते. कुपवाड एमआयडीसीतल्या एखाद्या शेडचा जूनमधला भरदुपारचा फोटो दिला, तर तो पुस्तकी नियम लावणाऱ्याच्या दिशा उलट्या होतात. अशा फोटोत आधी महिना विचारावा, मग दिशा.