चिखलातली धावपट्टी

दोस्तांनो, नेरूळ किंवा बेलापूरहून उरणची लोकल पकडा आणि डाव्या हाताची खिडकी मिळवा. पनवेल खाडीचा पूल ओलांडला की नवी मुंबईचा विमानतळ दिसू लागतो. 25 डिसेंबर 2025 पासून इथून प्रवासी विमानं उडू लागली. पण त्याआधी इथे काय होतं, ठाऊक आहे? चिखल, खारफुटी, शेतं, उलवे टेकडी आणि दहा गावं! टेकडी सुरुंग लावून कापली, उलवे नदी दुसऱ्या वाटेने वळवली, गावकऱ्यांना राहती घरं सोडावी लागली. तुमच्या वर्गात त्या गावांतलं कुणी असेल तर त्याला जरूर विचारा. या पानावर मावणार नाही इतकं तो सांगेल.

कापलेल्या टेकडीचा दगड भरावात गेला आणि दलदलीची जमीन काही मीटर वर उचलली गेली. का बरं? उत्तर जुहूला मिळेल. 15 ऑक्टोबर 1932 रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपालाच्या पिशव्या घेऊन उडाले. वाटेत अहमदाबादला पेट्रोलचे डबे चक्क बैलगाडीतून आले! मग ते जुहूला उतरले. तिथली धावपट्टी म्हणजे समुद्रालगतची चिखलाची जमीन. पावसाळ्यात ती पाण्याखाली जाई, मग सगळा मुक्काम पुण्याला हलवावा लागे!

टाटांचं ते विमान, 'पस मॉथ', इंग्लंडच्या डी हॅविलंड कंपनीचं. या जेफ्री डी हॅविलंडची गोष्ट तर भारीच. आजोबांकडून 1,000 पौंड मिळाले, इंजिनाचा आराखडा त्याने स्वतः केला. आणि पंखांचं कापड? ते त्याच्या बायकोने, लुईने, हाताने फिरवायच्या शिलाई मशीनवर शिवलं! डिसेंबर 1909 मध्ये विमान जेमतेम वर गेलं, पंख मोडला आणि धाडकन खाली. जेफ्री बचावला. इंजिनही बचावलं, म्हणून तेच दुसऱ्या, जास्त मजबूत विमानाला बसवलं. सप्टेंबर 1910 मध्ये पुन्हा चाचणी. चाकं खरंच जमीन सोडतात का, हे कळणार कसं? दोस्त फ्रँक हर्ल सरळ गवतात आडवा पडून बघत राहिला. सुटली होती, काही इंच!

1982 साली, वयाच्या 78 व्या वर्षी, जे. आर. डी. पुन्हा एकट्याने कराचीहून जुहूला आले. विमान होतं 'लेपर्ड मॉथ'. तेही डी हॅविलंडचंच.