गाभाऱ्याचं तेल

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या आमच्या घरी देवघराचा उंबरठा आजीच्या ताब्यात होता. सोवळ्याशिवाय आत पाऊल टाकायचं नाही. आम्हा मुलांची हद्द ओटीपर्यंत, पण तिथे बसून कापसाच्या वाती वळायचं काम मात्र आमचं. पुढे मंदिरस्थापत्याच्या नादानं ग्वाल्हेरचा किल्ला कितीदा चढलो याची गणती नाही. तेव्हा लक्षात आलं, हजार वर्षांपूर्वीचा कारभारही असाच चालायचा.

गाभारा म्हणजे गर्भगृह. जाड भिंती, एकच दार, बहुधा खिडकी नाही. तिथला अंधार ही बांधणीतली चूक नव्हे, तो मुद्दाम राखलेला आहे. उन्हातून मंडपात, मंडपातून अंतराळात येईतो उजेड उणावत जातो, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होतात. मग एवढ्याशा निरांजनात मूर्तीचा चेहरा उजळतो. दाराच्या चौकटीवर, खालच्या बाजूला गंगा-यमुना कोरलेल्या असतात. आत जाणाऱ्यानं जणू दोन नद्यांत न्हाऊन जावं. पण शास्त्राप्रमाणे तो उंबरठा ओलांडायचा हक्क पुजाऱ्याचा. बाकीच्यांनी दर्शन घ्यायचं ते बाहेरून.

किल्ल्यावरच्या मोठ्या देवळांचे गाभारे आज रिकामे आहेत. ‘सास-बहू’ या देऊळजोडीतलं मोठं देऊळ मुळात विष्णूचं, पद्मनाथाचं. कच्छपघात राजा पद्मपालानं ते सुरू केलं आणि महीपालानं पुरं केलं. तिथला शिलालेख १०९३चा. ‘सहस्रबाहू’ या विष्णूच्या नावाचं ‘सास-बहू’ झालं आणि लोकांनी देवाच्या जागी सासू-सून बसवली. ‘तेली का मंदिर’ त्याहून जुनं. त्याचा गाभारा नेहमीसारखा चौरस नाही, लांबट आहे, आणि वर शिखराऐवजी गजपृष्ठाकार छप्पर. दारावर उडता गरुड आहे, आत देव नाही. देव गेले तसा नियमही गेला. आता दाराला कुलूप असलंच तर ते सोवळ्याचं नाही, पुरातत्त्व खात्याचं. दगड तोच आहे. पावित्र्य त्या नियमात होतं.

माझ्या मते सगळ्यांत बोलका गाभारा मात्र किल्ल्याच्या चढावर, एकाच खडकात कोरलेल्या चतुर्भुज मंदिराचा. किल्ल्याचा कोटपाल अल्ल यानं प्रतिहार राजा भोजाच्या काळात तो घडवला. आतल्या भिंतीवर विक्रम संवत ९३३चा, म्हणजे ८७६चा लेख आहे. गणिताचे अभ्यासक दुरून येतात ते त्यातल्या शून्यासाठी. फुलबागेची जमीन २७० हात लांब आणि १८७ हात रुंद, आणि रोज ५० माळा, असे आकडे तिथे आहेत. त्यातली शून्यं भारतातल्या निश्चित तारखेच्या सर्वांत जुन्या शून्यांपैकी आहेत.

पण तो लेख गणिताचा नाही, देवळाच्या हिशेबाचा आहे. बागेची जमीन गावानं दिलेली. रोजच्या माळा माळ्यांच्या मुख्यांनी द्यायच्या. तेल्यांनी दर महिन्याच्या शुद्ध नवमीला घाण्यामागे एक पळी तेल दिव्यासाठी घालायचं. या तेल्या-माळ्यांच्या मुख्यांची नावंही कोरलेली आहेत. ज्या खोलीत पुजाऱ्याखेरीज कुणी जायचं नाही, तिच्या भिंतीवर बाहेरच्यांची यादी! आतला अंधार पुजाऱ्याचा असेल, पण ज्योत घाण्यावरच्या माणसांच्या तेलावर जळत होती.

देवळाचं दार सगळ्यांना उघडावं म्हणून आपल्याकडे १९३०मध्ये नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह झाला, १९४७मध्ये पंढरपुरात साने गुरुजींनी उपोषण केलं. तेव्हा विरोधकांनी परंपरेचा दाखला दिला. परंपरेचा एक लेखी दाखला चतुर्भुजाच्या भिंतीवरही आहे, आणि देव कुणाच्या जिवावर उजळायचा हे तो नावानिशी सांगतो.

कुणी पाहुणे शून्य बघायला आले की मी ते दाखवतो. फोटो काढून झाले की म्हणतो, थांबा, आता तेल्यांची नावं वाचू.